विटेला विचारून पाहा

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या इमारतीतल्या मुलांना विटांची आठवण होते. एरवी वर्षभर वीट ही वस्तू त्यांच्या गावीही नसते. पण किल्ला करायचा म्हटला की विटा हव्यात, मग माती हवी, जुने पोते हवे आणि वर पेरायला अळीव हवे. गेल्या दिवाळीत माझा नातू चार विटा पोटाशी धरून आला आणि म्हणाला, "आजोबा, यांतली चांगली कोणती?" मी सवयीने दोन विटा उचलल्या आणि एकमेकींवर हलकेच आपटल्या. एकीचा आवाज खणखणीत आला, दुसरीचा बद्द. पहिली त्याच्या हाती देत मी म्हणालो, "ही घे. ही बोलते." आजोबांचे वय झाले, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटलेला मला दिसला.

वीट बोलते, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो. अण्णा वाईला गवंडीकाम करीत. भट्टीवरून विटांची गाडी आली की ते आधी दोन विटा उचलून आपटायचे आणि मान कलती करून ऐकायचे. पक्की भाजलेली वीट धातूसारखी वाजते, कच्ची वीट मुकी राहते. मग ते नखाने ओरखडा काढून पाहत, एखादी वीट कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकून पाहत. एवढी परीक्षा झाली की मग विटा पाण्यात भिजत पडायच्या, कारण कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि सांधा दुबळा होतो. गाडीवाला घाई करी. अण्णा म्हणत, "थांब बाबा, तिला बोलू दे."

आपण मराठी माणसांनी विटेला भाषेत फारसा मान दिलेला नाही. एखाद्या गोष्टीचा कंटाळा आला की आपण तिचा वीट आला म्हणतो. तो वीट पुल्लिंगी आणि ही वीट स्त्रीलिंगी, हे खरे. पण कानाला दोघांचे नाते लागतेच. आणि तरीही आपल्या साऱ्या महाराष्ट्राचे दैवत उभे आहे ते विटेवरच. पुंडलिकाने आईबापांची सेवा न सोडता मागच्या मागे जी वस्तू देवापुढे सरकवली, ती सोन्याची नव्हती, चंदनाची नव्हती. हाताशी असलेली वीट होती. असो. आज मला सांगायचे आहे ते पंढरीविषयी नाही. विटेशी ज्यांनी संभाषण केले, आणि ते संभाषण चारचौघांत बोलून दाखवून ज्यांनी घरे बांधण्याची रीत पालटली, अशा तीन वास्तुशिल्पकारांविषयी सांगायचे आहे. त्या ओघात माझी स्वतःची एक फजितीही सांगावी लागेल.

*

पहिले लुई कान. १९०१ साली बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात हे जन्मले. तीनेक वर्षांचे असताना लालभडक निखाऱ्यांच्या तेजाला भुलून त्यांनी ते आपल्या कपड्यात घेतले आणि तोंड भाजून घेतले. ते व्रण जन्मभर राहिले. आईबरोबर हे पोर १९०६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला आले. घरी गरिबी. मूकपटांच्या थिएटरांत पियानो वाजवून चार पैसे मिळवावेत आणि शिकावे, असे दिवस काढत १९२४ साली ते वास्तुशास्त्राचे पदवीधर झाले. नाव होण्यास मात्र पन्नाशी उलटावी लागली. पुढे ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागले आणि त्यांच्या बोलण्याने विद्यार्थ्यांना वेड लावले. अडखळत, मध्येच थांबत, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे ते बोलत.

१९७१ साली विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी विटेची जी गोष्ट सांगितली, ती आज जगातल्या बहुतेक वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. शब्द माझे, आशय त्यांचा. ते म्हणाले, तुम्ही विटेला विचारा, बाई ग, तुला काय हवे? वीट सांगते, मला कमान आवडते. तुम्ही तिला समजावता की कमानीला खर्च फार. दाराच्या वर काँक्रीटची एक पट्टी टाकली की तुझा भार ती पेलील, तुझे काय मत? वीट ऐकून घेते आणि पुन्हा म्हणते, मला कमान आवडते.

वर्गात हशा पिकला असेल. पण या गमतीत शंभर टक्के बांधकामशास्त्र आहे. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तिच्या डोक्यावर कितीही ठेवा, ती मान वाकवत नाही. पण दोन्ही बाजूंनी ओढा, की सांध्यात सुटते. म्हणून दरवाजावर विटांचा सरळ थर नुसता अधांतरी टाकला तर तो खाली येईल. तोच थर वर्तुळाच्या चापासारखा वाकवला, की प्रत्येक वीट शेजारणीला दाबून धरते आणि ताणाचा प्रश्नच उरत नाही. विटेला कमान आवडते याचा अर्थ एवढाच की कमानीत तिला तिच्या स्वभावाविरुद्ध काही करावे लागत नाही. आमच्या अण्णांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. कमान बांधून झाली आणि चुना धरला, की खालचा लाकडी साचा काढायच्या वेळी ते स्वतः कमानीखाली जाऊन उभे राहत. "माझ्या डोक्यावर आधी पडू दे," म्हणत. कधी पडली नाही.

कानसाहेबांचे हे बोलणे प्रत्यक्ष उभे राहिलेले पाहायचे असेल तर आपल्याला अमेरिकेला जावे लागत नाही. अहमदाबादेस १९६१ साली व्यवस्थापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था, म्हणजे आय.आय.एम., निघाली. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई हे तिच्यामागे होते. इमारतींचे काम बाळकृष्ण दोशी या तरुण वास्तुशिल्पकाराकडे येऊ पाहत होते. पण दोशींनी आपल्या हाती आलेले काम मोठ्या मनाने कानांकडे वळवले आणि स्वतः त्यांचे साहाय्यक झाले. १९६२ सालची ही गोष्ट.

मी ते आवार पाहिले ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर. पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली. कमानी फळ्यावर पुष्कळ काढल्या होत्या. पण तिथे गेलो आणि दारातच थबकलो. गिलावा नाही, रंग नाही. वीट आणि वीटच. भिंतींना दोन-दोन मजले उंचीची गोल भगदाडे, त्यांतून आत येणारा मऊ उजेड, आणि अहमदाबादच्या उन्हाला पाठ देऊन बसलेले खोल सज्जे. पण मला सर्वांत आवडली ती एक युक्ती. कमान नेहमी दोन्ही पायांनी बाहेर रेटत असते. तो रेटा सोसायला बाजूला जाड भिंती लागतात. कानांनी काय केले, तर बसक्या कमानीच्या दोन्ही टोकांना जोडणारी काँक्रीटची तुळई खालून घातली. धनुष्याच्या काठीला दोरी असते ना, तशी. काठी बाहेर फाकू पाहते, दोरी तिला धरून ठेवते. दाब विटेने घ्यावा, ताण काँक्रीटमधल्या लोखंडाने. म्हणजे विटेचे ऐकले, पण काँक्रीटलाही घराबाहेर काढले नाही. ज्याला जे जमते ते त्याला दिले. सासू-सुनांच्या घरात सुद्धा इतका समंजस तोडगा क्वचित निघतो!

हे काम वर्षानुवर्षे चालले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले अनंत राजे फिलाडेल्फियाला कानांच्या हाताखाली काम करून आले आणि अहमदाबादेस त्यांनी पुढची पुष्कळशी बांधणी आपल्या देखरेखीखाली पार पाडली. मार्च १९७४ मध्ये कान अहमदाबादेहून परत निघाले आणि १७ मार्च रोजी न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्टेशनात हृदयविकाराने कोसळले. इतका मोठा माणूस, पण हा कोण हे घरच्यांपर्यंत पोचायला दोन-तीन दिवस लागले. पुढे त्यांच्या मुलाने, नॅथॅनिएल कान यांनी, बापाचा शोध घेत 'माय आर्किटेक्ट' नावाचा चित्रपट केला. तो २००३ साली आला. तो पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. सारखे अण्णा डोळ्यांपुढे येत होते. मान कलती करून विटेचा आवाज ऐकणारे.

*

आता फजितीकडे वळतो.

डिसेंबर २०२० मध्ये बातमी आली की अहमदाबादच्या त्या संस्थेने कानांनी बांधलेल्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडून नवी बांधण्याचा विचार चालवला आहे. साऱ्या जगातून वास्तुशिल्पकारांचा आणि रसिकांचा निषेध झाला आणि १ जानेवारी २०२१ रोजी संस्थेने तो बेत मागे घेतला. मीही त्या दिवसांत मोठ्या तावात होतो. भेटेल त्याला कान आणि त्यांची वीट ऐकवीत होतो. संस्थेचे म्हणणे असे होते की विटा झिजल्या आहेत, पाणी मुरते आहे, २००१ च्या भूकंपाने धक्का दिला आहे आणि मुले राहतात तिथे छताचे तुकडे पडतात. हे म्हणणे मी वाचले होते, पण कानामागे टाकले होते. पडक्या सबबी, असे मी म्हणे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वाईहून धाकट्या भावाचा, बापूचा, निरोप आला. आमचे तिथले घर अण्णांनी १९६१ साली स्वतःच्या हातांनी बांधलेले. त्या काळी सिमेंट सहजासहजी मिळत नसे. बैलाच्या घाणीत मळलेला चुना वापरून साऱ्या भिंती रचलेल्या. ओसरीतून माजघरात जाताना एक कमान आहे. ती अण्णांची लाडकी. बापू तिथे राहतो, मी पुण्यास फ्लॅटमध्ये. बापूचे म्हणणे, घर पाडून इमारत उठवावी. एक बिल्डर विचारीत होता. मी गेलो तो भांडायच्या तयारीनेच गेलो.

ओसरीत बसून मी बापूला अर्धा तास व्याख्यान दिले. कान सांगितले, कमान सांगितली, धनुष्य आणि दोरी सांगितली. "बापू, अण्णांच्या विटांना आधी विचार, त्यांना काय हवंय ते," असे म्हणून मी थोडा थांबलो, कारण वाक्य मला स्वतःलाच फार आवडले होते. बाहेर मुसळधार पाऊस. तेवढ्यात बापूची बायको, आमच्या सुमनवहिनी, चहा घेऊन आल्या. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या,

"भाऊजी, विटेला विचारलंत ते बरंच केलंत. पण या घरात मलाही कुणीतरी विचारायला हवं होतं. चला, आत येऊन जरा बघा."

मी आत गेलो. स्वयंपाकघरात सात ठिकाणी पातेली मांडलेली. प्रत्येकात थेंबाचा वेगळा सूर. मागची भिंत मध्येच फुगलेली, पायाशी ओल कंबरेपर्यंत चढलेली. चुलत्यांच्या काळचे माळवद एका कोपऱ्यात वासे टेकून धरलेले. त्या म्हणाल्या, "रात्री पाऊस आला की मी उठते आणि पातेली रिकामी करते. चार महिने. गेली नऊ वर्षं."

चहा निवून गेला. मला एकही वाक्य सुचले नाही. जन्मभर मी ज्या घराच्या आठवणी काढून गहिवरत होतो, त्या घरात एक माणूस रात्री उठून पाणी उपसत होते, आणि मला ते माहीत नव्हते. का, तर मी विचारलेच नव्हते.

*

पुण्यास परतलो आणि मनाला लागलेली बोच घालवण्यासाठी पुन्हा वाचायला बसलो. यावेळी हाती आले लॉरी बेकर.

हे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे, १९१७ सालचे जन्मलेले, क्वेकर पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात शुश्रूषापथकाबरोबर चीनमध्ये गेले, तिथे कुष्ठरोग्यांची सेवा केली. युद्धाच्या अखेरच्या काळात मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत काही महिने थांबावे लागले. तिथे एका स्नेह्याच्या ओळखीने त्यांची गांधीजींशी गाठ पडली. पुढे जन्मभर बेकर आपल्या बोलण्यात ही हकीकत सांगत. त्यांच्या पायांत स्वतःच्या हातांनी चिंध्यांपासून केलेले कापडी जोडे होते. गांधीजींची नजर आधी गेली ती त्या जोड्यांवर. बोलणे जोड्यांवरून घरांवर आले. गांधीजी म्हणाले की आदर्श खेड्यातले आदर्श घर पाच मैलांच्या आत जे मिळेल त्यातूनच बांधलेले असावे. तरुण बेकरना तेव्हा हे पुरते पटले नाही. पुढे अनुभवाने पटले, असे ते स्वतःच कबूल करीत.

१९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात परत आले. १९४८ साली केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह केला आणि हिमालयात पिठोरागडला जाऊन ते दोघे सोळा वर्षे राहिले. तिथे त्यांनी पाहिले की इंग्लंडात शिकलेले आपले ज्ञान इथे लंगडे पडते, आणि डोंगरातला अडाणी म्हणवला जाणारा माणूस दगड, माती आणि लाकूड घेऊन थंडीवाऱ्याला पुरे पडणारे घर पिढ्यान्‌पिढ्या बांधत आला आहे. साहेब शिष्य झाला. पुढे केरळात, तिरुवनंतपुरमला, त्यांनी शेकडो घरे बांधली. नकाशे बहुधा कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर, आणि देखरेख स्वतः जागेवर उभे राहून. घर ज्याचे, त्याला आधी विचारायचे: तुम्ही किती माणसे, स्वयंपाक कसा करता, पाहुणे कुठे बसतात? झाड आडवे आले तर भिंत वळायची, झाड राहायचे.

त्यांनी विटेची जी करामत रूढ केली तिला 'रॅट-ट्रॅप' म्हणजे उंदराच्या सापळ्याची बांधणी म्हणतात. वीट नेहमीसारखी आडवी पसरण्याऐवजी कडेवर उभी करायची. दोन बाजूंना दोन विटा, मध्ये पोकळी, आणि ठराविक अंतराने एक आडवी वीट दोघींना जोडणारी. भिंतीची जाडी तीच नऊ इंच, पण विटा आणि चुनासिमेंट सुमारे पाव हिश्शाने कमी लागते. आतली हवा बाहेरचे ऊन अडवते ते वेगळेच. छतातही तोच विचार. स्लॅबच्या खालच्या भागात ताण घेण्याचे काम लोखंडी सळयाच करतात, तिथले काँक्रीट नुसते वजन वाढवते. मग त्या जागी जुनी मंगलोरी कौले का घालू नयेत? घातली. छत हलके झाले, खर्च उतरला, आणि खालून पाहिले तर कौलांची नक्षी फुकटात मिळाली. नवेपणा म्हणतात तो हा. नवे सामान नव्हतेच. प्रश्न नवा होता. २००७ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी बेकर वारले, ते भारताचे नागरिक आणि पद्मश्री म्हणून.

*

तिसरे दोशी, ज्यांचे नाव वर येऊन गेले. १९२७ साली ते जन्मले ते आपल्या पुण्यात. घरचा धंदा लाकडी फर्निचरचा. त्यांच्या बोलण्यात पुण्याचे ते एकत्र कुटुंबाचे घर वारंवार येई. माणसे वाढली की घर वाढे. आज एक खोली, उद्या वर एक मजला, परवा एक जिना. कुणी एकदा नकाशा काढून पुरे केलेले ते घर नव्हते. झाडासारखे वाढत जाणारे होते. १९४७ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले, तिथून लंडन, तिथून पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली. मोठमोठ्या आचार्यांकडून शिकले. पण पुण्याचे घर विसरले नाहीत.

इंदूरला 'अरण्य' नावाची वसाहत त्यांनी आखली; ती १९८९ साली आकाराला आली. साडेसहा हजारांच्या वर घरांची ही योजना. सर्वांत गरीब कुटुंबाला काय दिले, तर छोटा प्लॉट, त्यावर जोते, संडास-न्हाणी, नळ-वीज आणि जास्तीत जास्त एक खोली. बाकीचे घर ज्याचे त्याने, ऐपत येईल तसे, मन मानेल तसे वाढवावे. कसे वाढवता येईल हे दाखवायला ऐंशी नमुन्याची घरे बांधून दाखवली. लोकांनी वाढवली. कुणी दुकान काढले, कुणी जिना बाहेरून घेतला, कुणी सज्जाला निळा रंग दिला. या वसाहतीला १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले, आणि २०१८ साली वास्तुकलेतला सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झकर सन्मान दोशींना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. अखेरपर्यंत भाषणांतून त्यांचे सांगणे एकच: घर म्हणजे वस्तू नाही, त्यात चाललेले जगणे म्हणजे घर.

हे सगळे वाचून झाल्यावर मला उमगले ते असे. कानांनी विटेला विचारले. बेकरांनी विटेला विचारले आणि घरच्या माणसालाही विचारले. दोशींनी तर पुढच्या पिढीला विचारण्यासाठी जागा रिकामी ठेवली. या तिघांच्या भाषणांनी लोक भारावले ते त्यांच्या भाषेमुळे असेल. पण त्यांची घरे उभी राहिली ती ऐकून घेतल्यामुळे. मी मात्र पहिलाच धडा पाठ करून वर्गाबाहेर पडलो होतो.

अहमदाबादचीही गोष्ट इतकी सोपी नव्हती. तिथल्या ग्रंथालयाची डागडुजी नेटकी झाली, आणि २०१९ साली युनेस्कोने तिचा गौरवही केला. म्हणजे मनावर घेतले तर वीट वाचवता येते. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा जाहीर केले की काही इमारती दुरुस्तीपलीकडे गेल्या आहेत आणि त्या नव्याने बांधाव्या लागतील. ते वाचून मला वाईट वाटले. पण यावेळी ताव आला नाही. ज्याच्या डोक्यावर छत गळते त्याचे म्हणणे आधी ऐकावे, मग कमानीविषयी बोलावे, इतके मी शिकलो होतो.

*

वाईच्या घराचे काय झाले ते सांगून संपवतो.

मी पुन्हा गेलो. यावेळी ओसरीत न बसता स्वयंपाकघरात बसलो आणि वहिनींना विचारले, "तुम्हांला काय हवंय?" त्यांना इमारत नकोच होती. त्यांना हवे होते न गळणारे छत, उभ्याने काम करता येईल असा ओटा आणि कृष्णामाईच्या बाजूला एक खिडकी. बापूला हवी होती औषधपाण्यापुरती गंगाजळी. तिची सोय मी आणि माझ्या मुलाने मिळून केली. वास्तविक ती वर्षांपूर्वीच करायला हवी होती. एक जाणता गवंडी आणून घर दाखवले. तो म्हणाला, पुढची बाजू आणखी पन्नास वर्षे हलणार नाही; मागची मात्र उतरवा.

मागची बाजू उतरवली. त्या वेळी अण्णांच्या चुन्याचा गुण कळला. सिमेंटातली वीट सुटताना फुटते. चुना तिला सोडतो. थापीने खरवडल्या की विटा जशाच्या तशा मोकळ्या होत होत्या. साठ वर्षांनंतर! बापू आणि मी अंगणात बसून एकेक वीट आपटून निवडल्या. दोन म्हातारे, मान कलती करून. चांगल्या निघाल्या त्या सगळ्या भिंतींना पुरणाऱ्या नव्हत्या. तेव्हा मी बेकरांची पोकळ बांधणी कागदावर काढून दाखवली. गवंड्याने आधी मान हलवली, मग एका भिंतीपुरती करून पाहतो म्हणाला, आणि सारख्या मापाच्या विटा बाजूला काढून ती भिंत त्याने अशी रचली की विटा पुरल्या. खिडकी त्या भिंतीत बसली. वर कमान घ्या, असे सांगायला मी तोंड उघडले होते. पण आधी वहिनींकडे पाहिले. त्या हसून म्हणाल्या, "घ्या हो कमान. मला काय, उजेड आल्याशी कारण."

यंदाची दिवाळी आम्ही सगळे वाईला करतो आहोत. अंगणात तुळशीमागे उरलेल्या विटांचा लहानसा ढीग आहे. सकाळपासून माझा नातू त्यांतून दोन-दोन विटा उचलून आपटतो आहे. आता त्याला कुणी सांगावे लागत नाही. मघाशी त्याने एक वीट माझ्यापुढे धरली आणि गंभीरपणे म्हणाला, "आजोबा, ही बोलत नाही. टाकून देऊ?"

"टाकू नकोस," आतून वहिनींचाच आवाज आला. "किल्ल्यात घे तिला. तिथं तिच्यावर मावळ्यांखेरीज कुणाचा भार नाही."